सापळ्यांचा हिशेब: बंद सापळा म्हणजे अर्धी रात्र

झाडांच्या राईत 40 सापळे लावले, सागवानात 60. सापडलेले उंदीर नुसते मोजून कुठे जास्त, हे सांगता येत नाही. पावसाळ्यात तर खेकडे आणि बेडूकच निम्म्या सापळ्यांची दारं पाडून ठेवतात. दार पडलेल्या सापळ्यात मग दुसरं काय शिरणार?

1. सापळे गुणिले रात्री. 40 सापळे, 4 रात्री म्हणजे 160 सापळा-रात्री.

2. सकाळी बंद दिसलेला प्रत्येक सापळा मोजा. आत उंदीर असो, बेडूक असो वा काहीच नसो. तो रात्री नेमका कधी पडला ते कळत नाही, म्हणून सरासरी अर्धी रात्र वजा. 20 बंद, तर 160 उणे 10, उरल्या 150.

3. सापडलेले उंदीर 12 असतील तर 12 भागिले 150, गुणिले 100. म्हणजे शंभर सापळा-रात्रींमागे 8. सागवानाचा आकडाही असाच काढा.

तोच उंदीर शेंगदाण्याच्या लोभाने पुन्हा येतो; पाठीवरचे थोडे केस कातरले की ओळखू येतो. नवे आणि जुने वेगळे लिहा.

उजाडताच फेरी मारा. चिचुंद्री फार वेळ उपाशी तग धरत नाही, सापळ्यातच मरते.