कोक ओ व्हँ पहिल्यांदा करताय? या चुका टाळा

कोक ओ व्हँ हा फ्रान्सच्या बर्गंडी भागाशी जोडला जाणारा पदार्थ: रेड वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा, सोबत बेकन, छोटे कांदे आणि मशरूम. जुनी पाककृती म्हाताऱ्या, चिवट कोंबड्यासाठी आहे. तो मऊ व्हायला दोन-तीन तास लागतात आणि तेवढ्यात वाइनही मुरते. बाजारातला ब्रॉयलर पाऊण तासात शिजतो, वाइन तोवर कच्चीच राहते. ती आटवायला जावं, तर चिकनचा भुगा होतो. घरी हा पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा यामुळेच. म्हणून वाइन आधी वेगळी आटवा.

चौघांसाठी हाडांसह १ किलो चिकन, ७५० मिली वाइनची एक बाटली आणि २५० मिली बिनमिठाचा चिकन स्टॉक घ्या. वाइन उघड्या भांड्यात मध्यम आचेवर उकळून निम्मी करा, साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. नाकात जाणारा उग्र वास गेला की ती तयार. भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं हवं. ॲल्युमिनियम आणि उघडं लोखंड वाइनच्या आम्लाने धातूची चव सोडतात.

गोड पोर्ट वाइन इथे चालत नाही, आटल्यावर तिचा पाक होतो. फार तुरट वाइन आटली की आणखी तुरट होते, म्हणून कॅबर्नेसारखी जड, तुरट रेड वाइन टाळा. पिनो न्वार ही हलकी रेड वाइन मिळाली तर उत्तम, नाहीतर नाशिकची हलकी, कोरडी शिराझ चालेल.

चिकन घेताना दुकानदाराला आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने कातडी सोलून देईल. कातडीसकट लेगपीस आणि मांड्या घ्या. छातीचे तुकडे लांब शिजवले की कोरडे पडतात. घालायचेच असतील तर शेवटच्या १५-२० मिनिटांत घाला.

रंग फिका राहतो तो ओल्या तुकड्यांमुळे आणि भांड्यातल्या गर्दीमुळे. पाणी सुटलं की चिकन परतलं जात नाही, वाफवलं जातं. तुकडे कागदाने अगदी कोरडे करा. आधी १५० ग्रॅम बेकन मंद आचेवर परतून काढून घ्या. त्याच चरबीत चिकन दोन-तीन घाण्यांत, प्रत्येक बाजूला ५-६ मिनिटं, छान तपकिरी होईपर्यंत परता. इथे घाई करू नका, सॉसची अर्धी चव या तपकिरी थरात असते. भांड्याच्या बुडाला लागलेला थर तपकिरी असेल तर वाइन घालून खरवडून घ्या. काळा झाला असेल तर भांडं पुसून टाका, कारण जळकी चव नंतर कशानेही जात नाही.

कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) चिकनवर ओतून पेटवायचा असेल तर गॅस बंद करा, चिमणीचा पंखाही बंद ठेवा आणि वाटीत मोजलेले २ टेबलस्पूनच ओता. बाटलीतून थेट कधीही ओतू नका. ही पायरी वगळली तरी पदार्थ चांगलाच होतो.

आता गाजर, कांदा, ४ लसूण पाकळ्या, १ टेबलस्पून टोमॅटो पेस्ट, थाइम (एक सुगंधी पाला), आटलेली वाइन आणि स्टॉक एकत्र करा. त्यात चिकन घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटं शिजवा. रस्सा खदखदू देऊ नका, मधूनच एखादा बुडबुडा येईल इतकीच आच हवी. कुकर तर नकोच, त्यात मांस हाडापासून सुटतं आणि रस्सा पातळच राहतो. आपलं तमालपत्र घालू नका. त्याला दालचिनीसारखा वास असतो, युरोपातलं बे लीफ वेगळं. ते नसेल तर थाइम पुरे.

छोटे कांदे (सांबारचे चालतात) आणि २५० ग्रॅम मशरूम बटरमध्ये वेगळे परता आणि बेकनसोबत शेवटच्या १० मिनिटांत घाला. सुरुवातीलाच घातले तर कांदे विरघळतात. बेकन खारट असतं, त्यामुळे मीठ अगदी शेवटी, चव घेऊनच.

सॉस पातळ वाटला तर चिकन बाहेर काढून तो मोठ्या आचेवर आटवा. तरीही दाट झाला नाही तर २५ ग्रॅम मऊ बटरमध्ये २५ ग्रॅम मैदा मळून थोडा थोडा ढवळत घाला आणि ३ मिनिटं उकळा. कोरडा मैदा टाकला तर गुठळ्या होणारच. चव आंबट लागत असेल तर आणखी ५ मिनिटं आटवून बटरचा छोटा तुकडा आणि लागलीच तर अर्धा चमचा साखर घाला. क्रीम घालू नका, रंग राखाडी-जांभळा होतो. खारट झालं तर बिनमिठाचा स्टॉक वाढवा.

हाताशी खरंच जून गावठी कोंबडा असेल तर जुनी पद्धत वापरा: तुकडे रात्रभर वाइनमध्ये फ्रिजमध्ये ठेवा, परतण्यापूर्वी नीट कोरडे करा आणि त्याच वाइनमध्ये मंद आचेवर दोन ते तीन तास शिजवा. त्या वाइनमध्ये कच्चं मांस होतं, म्हणून ती आधी उकळून फेस काढून टाका. शिजवूनही थोडं अल्कोहोल उरतंच, मुलांसाठी दुसरं काही करा.