वारली चित्र भिंतीवर लावण्यापूर्वी

कपबशीवर, साडीच्या पदरावर आणि सोसायटीच्या कुंपणावर वारली चित्र आपण रोज पाहतो. पण ते पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हारच्या ज्या वारली आदिवासी पाड्यांवरून आले, त्या पाड्यांची ओळख मात्र क्वचितच करून घेतो. ती करून घ्यायची असेल तर सुरुवात लग्नापासून करावी.

लग्नघरी गेरूने रंगवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी चित्र, लिहितात. बांबूच्या काडीचे टोक ठेचून मऊ केले की तोच कुंचला. चौकाच्या मधोमध पालघट ही सुफलतेची देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत विधी पार पाडते. चौक 'काढला' नव्हे, 'लिहिला' म्हणतात. बोलताना आपणही हाच शब्द वापरावा.

त्याच लग्नाची दुसरी बाजू वाचल्याशिवाय ही ओळख खरी होत नाही, असे मला मनापासून वाटते. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढलेला तरुण आणि त्याची बायको त्या कर्जापोटी वर्षानुवर्षे जमीनदाराकडे फुकट राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. या वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने वारली उठले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चार आदिवासी मारले गेले. गोदावरीबाईंनी या लढ्याची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. चित्रकलेच्या पुस्तकाआधी ती वाचावी.

मग प्रत्यक्ष पाहावे. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे. चैत्रात डहाणूजवळ महालक्ष्मीची यात्रा भरते. पाड्यावर गेल्यास ओळखीच्या माणसासोबत जावे आणि लग्नाच्या चौकाचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नये, कारण तिथे देवी बसवलेली असते. याच कारणाने पालघटाचा चौक पायपुसण्यावर छापू नये.

चित्र विकत घेताना ते लिहिणाऱ्याकडूनच घ्यावे. डहाणूजवळच्या गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे यांनी बायकांचे हे लेखन १९७०च्या दशकात कागदावर आणले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरी आजही बाजारातल्या बहुतेक छापील वस्तूंवर कोणाचेच नाव नसते. म्हणून भाव विचारण्याआधी लिहिणाऱ्यांचे नाव विचारावे, चित्रात काय चालले आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि नाव, पाडा व वर्ष चित्राच्या मागे त्यांच्याच हाताने लिहून घ्यावे.