डिजिटल समावेशनाच्या प्रकल्पासाठी निधी आणि सहयोगी संस्था कशा शोधाव्यात

डिजिटल समावेशनासाठी, म्हणजे सर्वांना इंटरनेट आणि उपकरणे वापरता यावीत यासाठी, निधी शोधायला बसण्यापूर्वी आपल्या भागातील अडचण नेमकी कोणती आहे हे ठरवावे लागते, कारण देणगीदार त्या अडचणीनुसार बदलतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार त्या वर्षी जगातील सुमारे २६० कोटी लोक इंटरनेट वापरत नव्हते. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना असलेल्या जीएसएमएच्या त्याच वर्षीच्या अहवालातील आकडे याहून बोलके आहेत. मोबाइल इंटरनेटचे जाळे पोहोचलेच नव्हते अशा ठिकाणी सुमारे ३५ कोटी लोक राहत होते, तर जाळे दाराशी असूनही मोबाइल इंटरनेट न वापरणाऱ्यांची संख्या सुमारे ३१० कोटी होती. म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रश्न मनोऱ्यांचा कमी आणि उपकरणाची किंमत, वाचता येणे, स्वतःच्या भाषेतील मजकूर आणि फसवणुकीची भीती यांचा अधिक आहे. आपला प्रकल्प यांपैकी कशावर काम करणार हे दोन वाक्यांत लिहिता येत नसेल, तर अर्ज करण्याची वेळ अजून आलेली नाही.

जोडणीच नसेल तर अनेक देशांत सार्वत्रिक सेवा निधी असतो. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा त्यात जमा होतो; मात्र लहान संस्थेला तो थेट मिळणे अवघड असते. लोकांनी स्वतः उभारलेल्या सामुदायिक नेटवर्कसाठी इंटरनेट सोसायटी आणि १९९० मध्ये स्थापन झालेली असोसिएशन फॉर प्रोग्रेसिव्ह कम्युनिकेशन्स यांच्याकडे पाहावे. शाळांच्या जोडणीसाठी युनिसेफ आणि दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये ‘गिगा’ हा उपक्रम सुरू केला. तो प्रामुख्याने सरकारांबरोबर काम करतो, त्यामुळे तिथे अर्ज करण्यापेक्षा त्याने शाळांच्या जोडणीबद्दल जमवलेली माहिती आपल्या प्रस्तावात वापरणे अधिक उपयोगाचे ठरते.

कौशल्य प्रशिक्षणासाठी मात्र नावात ‘डिजिटल’ असलेल्या देणगीदारांपाशीच थांबू नये. तिथे गर्दी फार असते. ज्येष्ठांचे आरोग्य, स्त्रियांचा रोजगार, अपंगांचे हक्क यांसाठी पैसा देणाऱ्या प्रतिष्ठानांना आज दिसते आहे की त्यांचेच लाभार्थी ऑनलाइन अर्जापाशी अडतात. अशा ठिकाणी आपला प्रकल्प त्यांच्या जुन्या कामाला पुढे नेणारा म्हणून मांडता येतो, आणि माझ्या मते नव्या संस्थेने सुरुवात इथूनच करावी.

देणगीदाराची पारख त्याच्या माहितीपत्रकावरून करू नये. त्याने आजवर कोणाला, किती आणि किती काळासाठी पैसे दिले ते पाहावे. अमेरिकेतील खाजगी प्रतिष्ठानांना दरवर्षी भरावे लागणारे ९९०-पीएफ हे विवरणपत्र सर्वांसाठी खुले असते आणि त्यात दिलेल्या अनुदानांची यादी असते. ‘फाउंडेशन सेंटर’ आणि ‘गाइडस्टार’ यांच्या विलीनीकरणातून २०१९ मध्ये तयार झालेली ‘कँडिड’ ही संस्था अशी माहिती शोधण्याजोगी करून देते. ब्रिटनमध्ये ‘३६०गिव्हिंग’ या संस्थेने ठरवलेल्या नमुन्यात अनेक देणगीदार आपली अनुदाने जाहीर करतात, तर आंतरराष्ट्रीय विकासनिधीची माहिती जाहीर करण्यासाठी ‘आयएटीआय’ हे मानक आहे. शोधाची सोपी वाट अशी की, आपल्यासारखेच काम करणाऱ्या चार-पाच संस्थांचे वार्षिक अहवाल उघडावेत, त्यांतील देणगीदारांची नावे उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकाची गेल्या तीन वर्षांतील अनुदाने तपासावीत. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या संस्थेला त्यांनी कधी पैसे दिले आहेत का, हा स्तंभ तक्त्यात अवश्य ठेवावा. नसतील दिले, तर त्या दारावर ओळखीशिवाय वेळ घालवू नये.

सहयोगी संस्था मात्र अर्जाच्या आधी शोधावी. मुदत संपायला आठवडा उरला असताना घाईने मिळवलेले संमतीपत्र परीक्षकाला लगेच ओळखू येते. संगणक जाणणारा सहयोगी सहज मिळतो. ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे असा सहयोगी दुर्मीळ असतो. सार्वजनिक ग्रंथालय, बचतगट, अपंगांची संघटना, स्थलांतरितांना मदत करणारे केंद्र, अशा ठिकाणी लोक आधीपासून येतच असतात. बोलणी करण्यापूर्वी तिथे एक दुपार बसून पाहावे: कोण येते, काय विचारते, मोबाइल कोणाच्या हातात देते आणि पासवर्ड कोण टाकते. दुसऱ्याच्या हाती मोबाइल देणाऱ्यांची रांग दिसली, तर आपल्या प्रशिक्षणाचा पहिला धडा तिथेच ठरतो. त्याबरोबर नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब आणि परदेशी निधी घेण्याची परवानगी हेही तपासावे. स्वतःची नोंदणी नसेल तर अनुदान सहयोगी संस्थेच्या नावे घेता येते, पण त्यासाठी ती किती टक्के प्रशासकीय खर्च कापणार हे आधी लेखी ठरवावे. सवलतीतील सॉफ्टवेअरसाठी १९८७ पासून कार्यरत असलेली ‘टेकसूप’ ही संस्था पात्रता तपासून मदत करते.

प्रस्तावात ‘आमच्या भागातील लोक डिजिटलदृष्ट्या मागास आहेत’ असे वाक्य लिहिले तर ते कुठल्याही भागाला लागू पडते. त्याऐवजी, उदाहरणार्थ, ‘केंद्रात येणाऱ्या ६० ज्येष्ठांपैकी ४१ जणांकडे स्मार्टफोन आहे, पण डॉक्टरची वेळ स्वतः ठरवू शकणारे ९ आहेत’ असे लिहिले, की गरज, मोजमाप आणि उद्दिष्ट तिन्ही एकदम दिसतात. असा आकडा मिळवण्यासाठी मोठे सर्वेक्षण लागत नाही; सहयोगी संस्थेच्या वहीत प्रश्नांचे दोन रकाने वाढवले तरी पुरते.

अंदाजपत्रकात बहुतेकांची चूक एकच असते. वीस टॅबलेटची किंमत लिहिली जाते, पण त्यांची कव्हरे, जादा चार्जर, दरमहाचे रिचार्ज, फुटलेल्या पडद्याची दुरुस्ती, ती कुलूपबंद ठेवायचे कपाट आणि मुख्य म्हणजे शेजारी बसून शिकवणाऱ्या व्यक्तीचे मानधन राहून जाते. उपकरणांसाठी देणगीदार पटकन तयार होतात, कारण त्यांचे छायाचित्र निघते. शिकवणाऱ्याच्या मानधनासाठी आग्रह धरावा लागतो, आणि तो धरावाच. स्वयंसेवकांच्या भरवशावर वर्षभराचा वर्ग चालत नाही.

अनुदान मंजूर झाल्यावर पहिला हप्ता येण्यापूर्वी सामंजस्य करारावर सह्या व्हाव्यात. कोणता अहवाल कोण लिहिणार आणि पैसे उशिरा आले तर मानधन कोण भागवणार हे त्यात असावेच. मुदत संपल्यावर उपकरणे कोणाकडे राहतील हेही लिहावे. ती सहसा सहयोगी संस्थेकडे राहिलेली बरी, कारण शिकलेली माणसे तिथेच परत येतात. शिकणाऱ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि दूरध्वनी क्रमांक कोणाच्या ताब्यात राहतील व केव्हा नष्ट केले जातील, यासाठी स्वतंत्र कलम ठेवावे.