अपडेट उतरायचं, पण बसायचं नाही

आत्याचा अँड्रॉइड फोन. पंचवटीतल्या घरी वायफायवर अपडेट पूर्ण डाउनलोड व्हायचं, पट्टी अर्ध्यावर यायची आणि लगेच 'इन्स्टॉल होऊ शकलं नाही'. मेन रोडच्या मोबाइलवाल्याने न बघताच 'फॉरमॅट मारावा लागेल' सांगितलं. यांचं औषध एकच!

आधी सोप्या गोष्टी पाहिल्या. बॅटरी निम्म्याच्या वर, तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर. तिथे काही गडबड नव्हती. मग सेटिंग्जमधलं स्टोरेज उघडलं, तर 64 जीबीपैकी जेमतेम दीड जीबी शिल्लक. अपडेटची फाइल त्यात मावते हो, पण ती उलगडून बसवायला आणखी जागा लागते, आणि गाडी तिथेच अडत होती.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'त गेलं की 'मॅनेज स्टोरेज' आहे. तिथे 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या दिसतात. आत्याकडे गोदावरीच्या पुराचे व्हिडिओच व्हिडिओ! नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कमरेपर्यंत, छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत, आणि तेच पुन्हा भिशीच्या ग्रुपवर. "अगं, तो एक राहू दे," असं म्हणत तिने बरेच वाचवले. तरी दहा-बारा जीबी सुटली. गॅलरीतलं डिलीट केलेलं काही दिवस ट्रॅशमध्येच पडून राहतं, जागा अडवतं. तेही रिकामं केलं.

फोन रीस्टार्ट केला, चार्जरला लावला, अपडेट नव्याने उतरवलं. या वेळी पट्टी शेवटापर्यंत गेली. फॉरमॅट करावा लागला नाही, आत्याचे नंबर-फोटो जागच्या जागी.