फ्लशची टाकी सावकाश भरते? या चुका टाळा

फ्लशची टाकी भरायला वेळ लागू लागला की अनेक घरांत थेट नवा फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने पाणी बंद करणारी झडप) आणला जातो, आणि खरी चूक तिथेच होते. कारण दोष व्हॉल्व्हमध्ये आहे की येणाऱ्या पाण्यात, हे कुणी तपासलेलेच नसते. अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करून टाकीकडची जोडनळी सोडवावी, तिचे तोंड बादलीत धरावे आणि कॉक पूर्ण उघडावा. धार जोरदार पडली तर दोष टाकीच्या आत आहे.

मराठवाड्यात अनेक ठिकाणी बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि टँकरच्या पाण्याबरोबर गाळही येतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बुजते. ती सुईने टोचू नये आणि कटकट नको म्हणून कायमची काढूनही टाकू नये, कारण मग तोच गाळ आतल्या वॉशरखाली अडकतो आणि पाणी बंदच होत नाही. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात ती तासभर भिजवून जुन्या टूथब्रशने घासावी. संडास धुण्याचे ॲसिड टाकीत ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. ॲसिडने धातूचे भाग व वॉशर खराब होतात आणि ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

धारच बारीक असेल, तर आधी कॉक अर्धवट बंद राहिलेला नाही ना, हे पाहावे. पाणी काही दिवसांआड येत असल्याने गच्चीवरची टाकी कोरडी पडते आणि ती पुन्हा भरल्यावर नळीत हवा अडकते. अशा वेळी घरातले खालचे सर्व नळ काही मिनिटे सोडून ठेवावेत. पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो, दर १० मीटरमागे साधारण १ बार (बार हे दाबाचे एकक). म्हणजे एकमजली घरात तो जेमतेम ०.२ ते ०.३ बार भरतो. जास्त दाबासाठी बनवलेल्या व्हॉल्व्हचे छिद्र बारीक असते, म्हणून दुकानात कमी दाबाचाच व्हॉल्व्ह मागावा. बसवताना प्लॅस्टिकचा नट पान्याने करकचून आवळू नये, तो चिरतो.

एवढे करूनही टाकी भरत नसेल, तर तिच्यात थोडी नीळ टाकून पंधरा मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात निळे पाणी उतरले, तर टाकी तळाशी गळते आहे आणि तिथला वॉशर बदलावा लागेल.