चिऱ्याच्या जमिनीतले घर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी

घराचे वायरिंग तपासून घेताना आपल्याकडे वायरमनला हमखास एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे अर्थिंग केले आहे ना. प्रश्न योग्य असला, तरी गोव्यात तेवढ्याने भागत नाही. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात पार कोरडी पडते आणि तिच्यात पुरलेल्या अर्थिंगचा रोध वाढतो. समजा, तो २० ओहम झाला आणि गिझरच्या पत्र्याला आतून फेज लागला, तर २३० व्होल्टला जमिनीत जेमतेम साडेअकरा अँपिअर प्रवाह जाईल. एवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जादा झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडणार नाही, आणि पत्र्यात करंट तसाच राहील.

ही उणीव आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, भरून काढतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, यावर त्याची नजर असते. हा फरक म्हणजेच गळती. तो ३० मिलिअँपिअरला पोहोचला, की सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत तो दोन्ही तारा तोडतो. त्याला पडायला इतका थोडा प्रवाह पुरतो, की अर्थिंग सुमार असले तरी तो आपले काम करतो. मात्र म्हणून अर्थिंग वगळता येत नाही. ते असेल तर बिघाड होताक्षणीच आरसीसीबी पडतो. नसेल, तर कुणाचा तरी हात पत्र्याला लागेपर्यंत वाट पाहतो.

घरगुती जोडणीसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत ३० मिलिअँपिअर हीच कमाल मर्यादा आहे. दुकानात १०० आणि ३०० चेही मिळतात, पण प्लग पॉइंटांसाठी ते घेऊ नयेत. खोक्यावर आयएसआय चिन्ह आणि आय. एस. १२६४० हा क्रमांक पाहावा. इन्व्हर्टर एसी किंवा नव्या पद्धतीचे वॉशिंग मशीन असेल, तर आरसीसीबीच्या ‘एसी’ प्रकाराऐवजी ‘ए’ प्रकार मागावा. आरसीसीबी जादा भार किंवा शॉर्टसर्किट ओळखत नाही, म्हणून त्याच्या जोडीला एमसीबी हवाच. परदेशातून परतलेला कुणी तिथले असेच संरक्षण देणारे, टेस्ट बटण असलेले सॉकेट भेट म्हणून आणतो. अमेरिकेतले असे सॉकेट १२० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी असते, ते इथल्या भिंतीत बसवू नये.

बसवण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, पण जोडणी कशी करायची हे आधी ठरवून घ्यावे. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी लावला, तर पावसात अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या दिव्यात पाणी शिरताच फ्रिजही बंद पडतो, आणि वैतागलेला माणूस शेवटी आरसीसीबीच काढून टाकायला सांगतो. त्यापेक्षा न्हाणीघर, स्वयंपाकघर, विहिरीचा पंप आणि बाहेरचे पॉइंट एका आरसीसीबीवर, तर फ्रिज आणि बाकीची खोल्यांची वायरिंग दुसऱ्यावर ठेवावी. पैसे कमी असतील, तर पाण्याजवळच्या जागांना आधी संरक्षण द्यावे. प्रत्येक आरसीसीबीचा न्यूट्रल स्वतंत्र राहिला पाहिजे. जुन्या घरांत, विशेषतः मागाहून इन्व्हर्टर जोडलेल्या ठिकाणी, दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले सापडतात, आणि मग काहीही बिघाड नसताना आरसीसीबी पडत राहतो.

महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबावे. खाडीकाठच्या वा किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत यंत्रणा अडकू शकते, आणि बटण दाबूनही न पडणारा आरसीसीबी ताबडतोब बदलावा. या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही. ती अर्थिंगचा रोध मोजणारे मीटर लावूनच करावी लागते. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्यालाही हे उपकरण वाचवत नाही, कारण त्याला गळती दिसतच नाही.

वारंवार पडत असेल, तर सर्व एमसीबी बंद करून आणि सर्व प्लग उपसून आरसीसीबी चढवावा, मग एकेक एमसीबी आणि एकेक उपकरण जोडत जावे. ज्याने तो पडेल, तिथे गळती आहे. प्लग उपसणे महत्त्वाचे, कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल जमिनीला टेकला असेल, तर एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडू शकतो. सगळे उपसूनही तो चढत नसेल, तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये किंवा आरसीसीबीमध्येच असण्याचा संभव आहे, आणि तेव्हा वायरमनला मेगर, म्हणजे तारांचे इन्सुलेशन तपासणारे मीटर, घेऊन बोलवावे.