दातात भरायच्या सिमेंटमधलं शिसं आणि आर्सेनिक कसं मोजावं

ठाण्याहून लोकलने रबाळेला उतरून एमआयडीसीतल्या लॅबमध्ये आयसीपी-एमएस, म्हणजे नमुन्यातली मूलद्रव्यं वस्तुमानाप्रमाणे वेगळी करून मोजणारं मशीन, लावायचं, हे मी अकरा वर्षं करते आहे. नवीन येणारी मुलं नमुना हातात पडला की थेट ॲसिडची बाटली उघडतात. आधी घटकपत्रक वाचा. भरणात मुद्दाम काय घातलंय हे कळल्याशिवाय त्यात नको असलेलं काय आलंय ते सापडत नाही.

हे मला एमटीएने शिकवलं. मुळाच्या टोकाशी भरायचं हे सिमेंट म्हणजे पोर्टलँड सिमेंटच्या जातीची पूड, आणि एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड. आमच्या इंटर्नल स्टँडर्डमध्येही, म्हणजे मशीनचा चढउतार भरून काढायला प्रत्येक नमुन्यात ठरलेल्या मात्रेत घालतो त्या द्रावणातही, बिस्मथच होतं. नमुन्यातलं बिस्मथ त्यात मिसळलं, सिग्नल प्रचंड फुगला आणि मशीनने त्याच प्रमाणात शिशाचा आकडा खाली ओढला. शिसं जवळजवळ शून्य! सही करण्याआधी इंटर्नल स्टँडर्डची रिकव्हरी, म्हणजे घातलेल्याच्या किती टक्के दिसतंय ते, पाहिली, म्हणून तो रिपोर्ट बाहेर गेला नाही. गेला असता तर ते सिमेंट कुणाच्या तरी दातात वर्षानुवर्षं राहिलं असतं. तेव्हापासून एमटीए असलं की मी ऱ्होडियम आणि इरिडियम वापरते.

कंपोझिटमध्ये, म्हणजे रेझिनमध्ये काचेसारखी पूड मिसळलेल्या भरणात, असेच सापळे आहेत. मशीन वस्तुमानाला विद्युतभाराने भागून पाहतं, त्यामुळे बेरियमची काच असेल तर दुहेरी भाराचं बेरियम वस्तुमान ६८ वर येऊन जस्त असल्याचा भास करून देतं, म्हणून जस्त ६६ वर मोजा. झिर्कोनिया असेल तर त्याचे ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड कॅडमियमच्या १११, ११२ वर बसतात. नुसतं झिर्कोनियमचं द्रावण चालवून तिथे किती खोटं कॅडमियम दिसतं ते बघून घ्या.

आता ग्लास आयोनोमर किंवा झिंक फॉस्फेट, म्हणजे पूड आणि द्रव कालवून होणारी सिमेंटं. यांच्यासाठी आयएसओ ९९१७-१ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये आम्लात विरघळणाऱ्या आर्सेनिकची मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० मिलिग्रॅम आहे. सिमेंट प्लास्टिकच्या स्पॅच्युलाने कालवा, कारण स्टीलमधून लोखंड, क्रोमियम, निकेल येतं. पूर्ण घट्ट होऊ द्या, मग ॲगेटच्या खलात कुटून चाळा. पावडर लावलेले हातमोजे नकोत, त्यांच्यातून जस्त येतं. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ खिडकीतून येतेच, म्हणून उघडं काम लॅमिनार फ्लो हूडमध्ये (गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटात) करा आणि प्रत्येक बॅचला किमान दोन ब्लँक, म्हणजे नमुना न घालता तीच कृती केलेली द्रावणं, लावा.

पूड हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये भिजवून गाळली की त्यातलं क्लोरीन मशीनच्या प्लाझ्मातल्या आर्गॉनशी जुळून बरोबर ७५ वर, म्हणजे आर्सेनिकच्याच जागी येतं. हेलियम मोड, म्हणजे हेलियम वायूने असे जुळलेले आयन अडवणारी सेटिंग, लावा. तेवढ्याच ताकदीचं कोरं ॲसिडही चालवा. त्यात आर्सेनिक दिसलं तर नमुन्यातल्या आकड्यावरही भरवसा ठेवू नका. शिशासाठी २०६, २०७, २०८ तिन्हींची बेरीज घ्या, कारण शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण खाणीप्रमाणे बदलतं.

कंपोझिटमधलं एकूण प्रमाण हवं असेल तर काच नायट्रिकला दाद देत नाही, हायड्रोफ्लोरिक लागतंच. १०० मिलिग्रॅमच्या वर घेऊ नका, रेझिनमुळे मायक्रोवेव्हच्या भांड्यात दाब झपाट्याने चढतो. काचेचं काहीही वापरायचं नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवं, कारण या ॲसिडची जळजळ कधीकधी फार उशिरा जाणवते. ही जेलची सूचना मी प्रत्येकाला दोनदा सांगते आणि जेल कुठे आहे ते दाखवायला लावते. तळाशी पांढरं बसलं तर ते बहुधा बेरियमचे किंवा इटर्बियमचे फ्लोराइड, त्यासाठी बोरिक ॲसिड घालून पुन्हा तापवा. सल्फ्युरिक चुकूनही नको. बेरियम सल्फेट खाली बसताना शिशालाही सोबत घेऊन जातं.

१०० मिलिग्रॅम नमुना ५० मिलिलिटर केला, तर किलोमागे २ मिलिग्रॅम आर्सेनिक मशीनवर लिटरमागे ४ मायक्रोग्रॅम दिसेल. तेवढंच आर्सेनिक नमुन्यात ॲसिडमध्ये विरघळवण्याआधी मुद्दाम घालून ते परत मिळतं का पाहा. मात्र हा आकडा एकूण आर्सेनिकचा आहे, आयएसओची मर्यादा आम्लात विरघळणाऱ्याची. रिपोर्टच्या पहिल्या ओळीत कोणती पद्धत वापरली ते लिहा, आणि एकूणचा आकडा त्या मर्यादेच्या रकान्यात भरू नका.